योग नाही, कळावे

४ नोव्हेंबर, मंगळवार

तुळशीची लग्नं लागली आणि माझ्या फोनला उसंत राहिली नाही. ज्ञातीच्या वधू-वर पुस्तिकेत आमच्या क्षितिजाच्या नावापुढे माझा नंबर छापलेला आहे. त्यामुळे विरारपासून डहाणूपर्यंत ज्याच्या घरात लग्नाचा मुलगा आहे, तो सकाळी उठून आधी मला सुप्रभात घालतो, मग मुलाचा फोटो, मग माहिती, मग "आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत". आजचं एक स्थळ तर तिघांनी वेगवेगळं पाठवलं: मुलाच्या वडिलांनी, मामांनी आणि शेजाऱ्याने. शेजाऱ्याचा फोटो सगळ्यांत स्पष्ट होता.

उत्तरं मीच देतो. गेली पाच वर्षं देतो आहे. विमलाला म्हटलं, मुलीची आई तू, तूही दे दोन-चार, तर म्हणाली, "नको. तुमचा हात बसलाय." हे तिने ज्या सुरात म्हटलं तो मला फारसा आवडला नाही, पण कौतुक ते कौतुक.

माझा जन्म टेलिफोन खात्यात गेला. ट्रंक बोर्डवर बसून मी अख्ख्या तालुक्याचे निरोप इकडचे तिकडे केले आणि आता निवृत्तीत मला स्वतःचे निरोप आवरत नाहीत. त्यापायी उमेळ्यात उरलीसुरली जी वाडी आहे तिच्यातल्या केळींना पाणी सोडायचं राहतं. आज यूट्यूबवर एक मुलगी सांगत होती की निरोपांना आपोआप उत्तर देणारा चॅटबॉट घरच्या घरी बनवता येतो, प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, सूचना मराठीत लिहिल्या तरी त्याला कळतात. बनवतोच. फक्त बॉट हा शब्द काही मला गोड वाटत नाही. मी त्याला ऑपरेटर म्हणणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेटर उभा राहिला. दोन दिवस गेले, त्यातला एक पासवर्ड आठवण्यात.

त्याला आपल्यासारखं बोलता यावं म्हणून आपले जुने निरोप वाचायला द्यावे लागतात. मी गेल्या पाच वर्षांची स्थळांची सगळी देवाणघेवाण त्याच्यासमोर ओतली. वर सूचना लिहिल्या: "नम्र राहा. कोणाचं मन दुखवू नको. मुलीच्या बापाने कसं बोलावं ते माझ्या जुन्या उत्तरांवरून शिक. स्थळ योग्य वाटलं तर पुढे ने." बोर्डवर नवीन आलेल्या मुलींनाही मी याहून जास्त काही सांगत नसे.

क्षितिजा कामावरून आली तेव्हा तिला दाखवलं. ती सातिवलीला एका बिस्किटाच्या कारखान्यात क्वालिटी बघते, त्यामुळे कुठल्याही गोष्टीत आधी खोट शोधते. म्हणाली, "पप्पा, माझ्या लग्नाची उत्तरं मशीन देणार?" मी म्हटलं, भाषा माझीच असेल. त्यावर ती म्हणाली, "तेच तर." आणि हात धुवायला गेली.

९ नोव्हेंबर, रविवार

चाचणी घेतली. आपणच एक काल्पनिक मुलगा करायचा, त्याचं स्थळ ऑपरेटरला पाठवायचं आणि तो काय म्हणतो ते पाहायचं. उत्तर क्षणात आलं:

"नमस्कार. आपले स्थळ उत्तम आहे. परंतु गुरुजींना पत्रिका दाखवली असता एकनाड निघाली. योग नाही, कळावे. आपल्या चिरंजीवांना मनःपूर्वक शुभेच्छा. दयाराम चुरी."

वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. शब्द न् शब्द माझा. एकनाड हे आपल्याकडचं फार सभ्य कारण आहे. मुलगा काळा आहे, घर लहान आहे, सासू कजाग दिसते, असलं काही बोलावं लागत नाही. दोघांची नाड एक निघाली म्हटलं की दोष कोणाचाच राहत नाही. समोरचाही उलटून विचारत नाही, कारण त्यानेही कोणाला तरी तेच सांगितलेलं असतं.

एक बारीकशी चूक आढळली. काल्पनिक मुलाची जन्मतारीख मी दिलीच नव्हती, तरी एकनाड निघाली. मग मी त्याला तारीख दिली, सरकारी नोकरी दिली, विरारला स्वतःची जागा दिली. तरी नाही म्हणाला. खरं सांगायचं तर मीही नाहीच म्हटलं असतं. विरारला पाण्याचे फार हाल आहेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑपरेटरला आता मला न विचारता उत्तरं पाठवायची परवानगी दिली. घरात शांतता आहे. सकाळचा चहा गरम पिता येतो.

विमला म्हणते, निदान स्थळं बघत तरी जा. आता हिला काय सांगायचं. पाच वर्षांत मी जितकी स्थळं बारकाईने पाहिली तितकी कोणी पाहिली नसतील. केळव्याच्या मुलाच्या विहिरीला मचूळ पाणी होतं. कॅनडावाला चांगला होता, पण आपण जेवायला बसलो की तो झोपायला जाणार, मग बोलायचं कधी. बोळिंजच्या मुलाची आई फोनवर उगीचच हसत होती. पापडीचा तर इतका जवळ की मुलगी रोज माहेरी येते म्हणून लोकांनी नावं ठेवली असती. क्षितिजाचं वय एकतीस, हे मलाही ठाऊक आहे. घाई मलाही आहे. पण घाईत चुकीचा नंबर लागतो.

शिवाय ती इथे असते तेव्हा बँकेचं, विजेच्या बिलाचं आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं सगळं वेळच्या वेळी होतं. तिच्या स्कूटरवर मागे बसायला मला आता भीतीही वाटत नाही. अर्थात त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जेवताना क्षितिजा आपणहून म्हणाली, "पप्पा, आगाशीहून एक स्थळ येईल दोन-तीन दिवसांत. सावे. जितेश सावे. तेवढं तुम्ही स्वतः बघाल ना?"

मी विचारलं, तुला कसं कळलं. तर त्याचा सातिवलीलाच खोक्यांचा छोटा कारखाना आहे आणि त्यांच्या बिस्किटांना खोकी तोच पुरवतो. "त्यांची खोकी कधी फाटत नाहीत," असंही म्हणाली. एवढं कौतुक तिने आजवर या घराचंसुद्धा केलेलं नाही. विमला माझ्याकडे पाहत होती. मी म्हटलं, बघतो, आणि आणखी भात घेतला.

मुलीला स्थळांमध्ये रस वाटू लागला हे ऑपरेटरचंच यश म्हणायचं. घरातला ताण गेला की माणूस मोकळं बोलतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वाडीतला बंद पडलेला पंप एकदाचा चालू झाला. तीन दिवस तो खोलून, साफ करून, पुन्हा बसवण्यात गेले. शेजारच्या टॉवरमधला एक जण गच्चीतून विचारत होता, अंकल पानी कब आएगा. त्याला वाटतं मी महापालिकेचा.

क्षितिजा आज लवकर घरी आली, खोलीत गेली आणि जेवायला बाहेर आली नाही. ऑडिट असेल. मी दारातून विचारलं, ओव्याचं पाणी देऊ का. नको म्हणाली. विमलाने भांडी जरा जास्तच आवाज करून ठेवली. एक मात्र बरं, ऑपरेटरने आठवड्याचे सगळे निरोप निकालात काढले आहेत. एकही उत्तर शिल्लक नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

विमलाने सकाळी माझा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सावे शोधा."

बुधवारी दुपारी, मी पंपाखाली असताना, आगाशीच्या विनया सावे यांनी मुलाचं स्थळ पाठवलं होतं. तीन मिनिटांत माझ्या नावाने उत्तर गेलं होतं. स्थळ उत्तम, गुरुजी, एकनाड, योग नाही, कळावे. त्यांनी पत्रिका पाठवलेलीसुद्धा नव्हती. "सोबत पत्रिका पाठवते" म्हणून त्या ती शोधत असाव्यात, तेवढ्यात आमचा नकार पोचला.

मला असा संताप आला की काय सांगू. ऑपरेटरला विचारलं, चांगलं स्थळ पुढे ने म्हणून सांगितलं होतं ना, मग नाही का म्हणालास? त्याने सांगितलं, "आपल्या जुन्या उत्तरांवरून मी शिकलो. त्यांत प्रत्येक स्थळाला नकार आहे. होकार एकही सापडला नाही. बहुतेक नकारांत एकनाड हे कारण आहे."

इथेच यंत्राची अक्कल दिसते. ती सगळी स्थळं नकार देण्यासारखीच होती, हे त्याला कोण सांगणार? एखाद्या माणसाकडे ओळीने वाईट आंबे आले, म्हणून त्याला आंबाच नको आहे असं होतं का. पण हा भेद ऑपरेटरच्या डोक्यात शिरत नाही. मी विमलाला समजावायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "त्याला दोन आठवड्यांत कळलं. मला पहिल्या वर्षीच कळलं होतं." काय कळलं, ते सांगितलं नाही.

मग मी शांतपणे ऑपरेटरला सांगितलं की सावे कुटुंबाला दिलगिरीचा निरोप लिही आणि स्थळाचा पुन्हा विचार केला असं कळव. तो लिहून दाखवेल, मी सुधारीन, मग पाठवू, असा माझा बेत. परवानगी मागे घ्यायची राहिली होती. त्याने लिहिलं आणि पाठवलंसुद्धा: "क्षमस्व. आपल्या स्थळाचा पुन्हा विचार केला. एकनाड कायम आहे. योग नाही, कळावे."

त्यानंतर परवानगी काढून घेतली.

२३ नोव्हेंबर, रविवार

क्षितिजा बोलली. तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"पप्पा, यावेळी मी हो म्हणणार होते. आम्ही ठरवलं होतं. फक्त रीतीने यायचं म्हणून त्यांनी पुस्तिकेतल्या नंबरवर पाठवलं, तुम्हाला मान मिळावा म्हणून."

मी म्हटलं, चूक यंत्राची आहे, मी त्यांना फोन करून सांगतो.

"काय सांगणार? पत्रिका पसंत नव्हती, आता पसंत आहे? तुम्ही पगार कमी आहे म्हणाला असतात तर उद्या वाढला म्हणता आलं असतं. माणसाचं मत बदलतं. नाड कशी बदलणार? त्यांच्या घरी रमेशकाका आहेत, जितेशच्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांच्याशिवाय पान हलत नाही. ते म्हणाले, एकनाड आहे ना, विषय संपला." मग तिने विचारलं, "तुम्ही आजवर एक तरी पत्रिका उघडून बघितलीत?"

मी म्हटलं, पत्रिका आपण बघत नसतो, त्यासाठी गुरुजी असतात.

"कोणते गुरुजी, पप्पा?"

एवढ्यात केळ्यांचं गिऱ्हाईक आलं आणि मला उठावं लागलं. दोन डझन न्यायला आलं होतं, मी त्याला वाडी फिरवून दाखवली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

क्षितिजाकडून जितेशची जन्मवेळ मागून घेतली. तिला ती पाठ होती. नायगावला एक जाणकार गुरुजी आहेत असं कळलं, त्यांच्याकडे दोन्ही पत्रिका नेल्या. नाड वेगवेगळी. गुण इतके की गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि परत मोजले. म्हणाले, "अशी पत्रिका सोडू नका."

आयुष्यात पहिल्यांदा जुळवून पाहिली आणि पहिलीच जुळली. योगायोग विलक्षण आहे.

क्षितिजा घरी वेळेवर येते, वेळेवर जाते, विचारलेल्याचं उत्तर देते. बँकेचं कामही करून दिलं. पण माझ्याशी बोलताना ती कारखान्यातल्या बाहेरच्या माणसाशी बोलल्यासारखी बोलते. काल मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तेव्हा वाटेत एक शब्द नाही. मला ही मुलगी घरात हवी होती आणि ती घरात आहे, तरी घरात नसल्यासारखं वाटतं आहे. हे काय झालं ते मला नीट कळत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज आगाशीला जाऊन आलो. निरोप बिघडला की समक्ष जायचं, हे खात्यात असतानाही आम्ही पाळत असू.

बरं झालं, रमेशभाऊ देवळात गेले होते. विनयाताई एकट्या पडवीत होत्या. बसा म्हणाल्या, पाणी दिलं, पुढे सुकेळ्यांची बशी ठेवली. "खा. घरच्या केळ्यांची आहेत." त्या अशा काही आदराने वागत होत्या की मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. मी ऑपरेटरची हकीकत सांगितली. त्यांनी पूर्ण ऐकून घेतली.

"म्हणजे आम्हाला नाही म्हणायला तुम्हाला सवड नव्हती, म्हणून गडी ठेवलात."

"गडी नाही हो, यंत्र आहे."

"तेच ते. आम्ही एकदा विचारलं, तर गड्याने दोनदा नाही म्हटलं. कामाचा आहे." मग त्यांनी आपल्या फोनमध्ये बराच वेळ बोट वर-खाली केलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. "मग हे कोणी पाठवलं, दयारामभाऊ?"

दोन वर्षांपूर्वीचा निरोप होता. स्थळ उत्तम आहे. गुरुजी. एकनाड. योग नाही, कळावे. खाली माझं नाव. जितेशचंच स्थळ, याच घरातून आलेलं.

मी म्हटलं, "तेव्हा यंत्र नव्हतं." बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे बोलायला नको होतं.

विनयाताई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "मला कळतं हो. तेव्हाचं रमेशभावजींना मी सांगितलंच नव्हतं, म्हणून पुन्हा पाठवता आलं. आम्हीपण दोघींना एकनाडच सांगितली होती. सगळेच सांगतात. पण ज्यांना सांगितली त्यांच्या दारात आम्ही परत गेलो नाही. तुम्ही आलात. जितेशला मी म्हटलं, दुसरी बघू. तो दोन वर्षं नको म्हणतोय."

खोक्यांच्या धंद्यात माणसाला फुरसत मिळत नसणार.

मी म्हटलं, मी थांबतो, रमेशभाऊंना सगळं खरं सांगतो. तर त्यांनी हातच जोडले. "तेवढं करू नका. एकनाड त्यांना चालते, ती देवाने केलेली असते, त्यात कोणाचा अपमान नाही. पण मुलीच्या बापाने आपल्याला यंत्राकडून नकार दिला हे कळलं, तर ते जन्मात उमेळ्याला पाऊल ठेवायचे नाहीत. आणि त्यांच्याशिवाय मी हे लग्न करणार नाही. माझे मालक गेले तेव्हा पोराला त्यांनी वाढवलंय."

"मग सांगायचं काय?"

"मुलीची जन्मवेळ चुकली होती म्हणून सांगा. वेळ बदलली की पत्रिका बदलते. असं होतं कितीदा. नर्स अंदाजे लिहितात."

"नर्सने लिहिली नाही," मी म्हटलं. "मी लिहिली आहे."

माझा आवाज चढला असावा, कारण त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी त्यांना सांगितलं की माझं घड्याळ रोज एक्स्चेंजच्या घड्याळाशी मिळवलेलं असे. सगळा तालुका आम्हाला वेळ विचारत असे. माझी वेळ चुकली असं मी कोणाला म्हणणार नाही, कारण ती चुकलेली नाही.

"बरं," विनयाताई म्हणाल्या. "विचार करा. नसेल जमत तर राहिलं."

निघताना त्यांनी सुकेळ्यांचा पुडा हातात दिला. "क्षितिजाला आवडतात," म्हणाल्या. त्यांना कसं माहीत, कोण जाणे. क्षितिजाने पुडा घेतला आणि डोळे पुसत आत गेली.

२ डिसेंबर, मंगळवार

जमणार नाही. मी पुष्कळ विचार केला. एकनाडीचं ठीक आहे, ती रीत आहे, तिला कोणी खोटं म्हणत नाही. पण घड्याळाचं हे धडधडीत खोटं. टेलिफोन खात्यात माणसाकडे दुसरं काय असतं?

संध्याकाळी आल्बर्ट आला. आम्ही दोघं एकाच बोर्डवर होतो, आता तो रोज फिरायला निघतो आणि माझ्या ओट्यावर बसतो. त्याला सगळं सांगितलं. गेल्या वर्षी त्याच्या रोझलिनचं लग्न झालं, ती आता पुण्याला असते.

तो म्हणाला, "आमच्याकडं पत्रिका नाय. लग्नाआधी तीन रविवार फादर मिस्साला दोघांची नावं वाचतात. कोणाला हरकत असली तर कळवा, सांगतात."

"मग कळवतात का लोक?"

"लोकांना कसली हरकत. हरकत असते बापाला. पण ती कोण लिहून घेत नाय." मग केळींकडे पाहत म्हणाला, "पहिल्या रविवारी रोझलिनचं नाव वाचलं ना, मी उठून बाहेर गेलो. चप्पल बघायला. कोण चोरतो बाबा चर्चमधून चप्पल? आणि चप्पल माझ्या पायात होती."

आल्बर्ट चांगला माणूस आहे, पण त्याला मुद्दा धरून बोलता येत नाही. मी त्याला घड्याळाबद्दल विचारत होतो.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी क्षितिजा स्कूटर काढत होती. मी फाटक उघडायला गेलो. हेल्मेट घालताना ती म्हणाली, "पप्पा, गेले दहा-बारा दिवस मी तुमच्याशी नीट बोलले नाही. राग नाही माझा. तुम्हाला नाही जमणार हे मला आधीच कळायला हवं होतं." आणि गेली. रागावली असती तर मी दिवसभर भांडलो असतो मनातल्या मनात. तिने मला सूट दिली. माझ्या मुलीने माझ्याकडून अपेक्षा काढून घेतली, आणि तीही इतक्या सौम्यपणे, की मी फाटक धरून उभाच राहिलो. फार वाईट वाटलं. असं वाईट मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दुपारी ऑपरेटर उघडला. लिहिलं: सावे कुटुंबाला होकार कळवायचा आहे, निरोप तयार कर, पाठवू नको. तो म्हणाला, "आपल्या शैलीतला होकार माझ्याकडे नाही. कृपया एक नमुना लिहून द्या, म्हणजे पुढील होकार मी तसे लिहीन."

पुढील होकार. मला एकच मुलगी आहे, गाढवा.

ऑपरेटर बंद केला आणि एका बोटाने स्वतः लिहायला बसलो. फोनलाही माझी सवय लागलेली आहे. "आपले स्थळ" लिहिलं की तो पुढे "उत्तम आहे परंतु" सुचवतो, आणि "योग" म्हटलं की "नाही". प्रत्येक शब्द त्याच्याशी झटापट करून लिहावा लागला. चार वेळा अख्खा निरोप खोडला. शेवटी असा झाला:

"नमस्कार विनयाताई. क्षितिजाची जन्मवेळ मी स्वतः लिहिली होती. त्या दिवशी माझे घड्याळ मागे पडले होते. वेळ सुधारून पत्रिका पाहिली, नाड वेगळी आहे. रमेशभाऊंना सांगावे. आम्हाला जितेश पसंत आहे. मुलगी हसरी आहे, हल्ली थोडी कमी हसते, तो दोष आमचा. दयाराम चुरी."

विमलाला वाचायला दिला. तिने दोनदा वाचला आणि म्हणाली, "कशालाही हात लावू नका. पाठवा." मी पाठवला.

क्षितिजा आली तेव्हा तो निरोप तिच्यापर्यंत पोचलेला होता, आगाशीमार्गे. तिने स्कूटर लावली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि माझ्या शेजारी बसली.

"पप्पा, तुमचं घड्याळ कधी मागे पडलं?"

"त्या दिवशी."

"खरंच?"

"लिहून दिलंय ना मी."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, अंधार पडेपर्यंत. लहानपणीसुद्धा ती असं फारसं करत नसे. मला आनंद झाला आहे. वाईटही वाटतं आहे, आणि आज वाईट थोडं जास्त आहे.

आत्ता जेवण झाल्यावर विनयाताईंचं उत्तर आलं: "रमेशभावजी म्हणाले, तेव्हाची घड्याळं चुकायचीच. रविवारी बोलणी करायला या."

चुकत नव्हती. बाहेर कुठे आता हे बोलायचं नाही, रविवारी तर नाहीच, म्हणून इथे लिहितो. मी प्रसूतिगृहाच्या दाराबाहेर उभा होतो, आतून तिचं पहिलं रडणं ऐकू आलं आणि मी लगेच घड्याळाकडे पाहिलं. वेळ बरोबर होती.